माजलगावच्या धरणावर लाइफबोटीचं इंजिन: हेड आवळण्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर

इंजिन पर्किन्स ४.१०८. चार सिलिंडर, १.७६ लिटर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. जागा माजलगाव धरणाच्या काठावरचा दाजींचा पत्र्याचा शेड. तक्रार अशी की हेडर टँकचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं की पाण्यात सारखे बुडबुडे येतात आणि थोड्या वेळात पाणी उतू जातं. ऑइल मात्र स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय, पाणी ऑइलमध्ये उतरत नाही. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, आणि ते व खालचा ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅसकेट. ते गॅसकेट गेलंय किंवा हेडला तडा आहे. काहीही असलं तरी हेड उतरवण्यावाचून इलाज नाही.

इंजिन आलंय गुजरातेतल्या अलंगहून. तिथे जहाजं तोडतात आणि त्यांच्यावरच्या लाइफबोटी, इंजिनं, दोरखंड सगळं सुटं विकतात. दलालांच्या हातून फिरत फिरत हे बीड जिल्ह्यात पोचलं. मराठवाड्यात सागरी इंजिन म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. पण सिंदफणेवरच्या या धरणात पैठणच्या उजव्या कालव्यानेही गोदावरीचं पाणी येतं, जलाशय मोठा आहे, आणि मासेमारीच्या बोटीला गिअरबॉक्ससकट तयार इंजिन स्वस्तात मिळत असेल तर दाजी ते सोडणारे नव्हेत.

लाइफबोटीचं इंजिन वयाने मोठं आणि कामाने लहान असतं. जहाजावरच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ते आठवड्यातून एकदा, किमान तीन मिनिटं चालवून बघायचं. वर्षानुवर्षं एवढंच. त्यामुळे बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) आणि बेअरिंगं बहुधा चांगली निघतात, पण इंजिन कधी नीट तापलेलंच नसतं आणि खारी हवा मात्र बारा महिने खाल्लेली असते. असल्या इंजिनात मी पिस्टनच्या आधी स्टडकडे बघतो, म्हणजे ब्लॉकमधून उभ्या असलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळयांकडे. त्यांच्यावरच्या नटांनी हेड दाबून धरलेलं असतं.

१२ नोव्हेंबर

हेड उतरवलं. मोंढ्याजवळ विहिरीवरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करणारे चाचा मदतीला आले. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडची दोन पोरंही बरोबर होती.

नट आदल्या रात्रीच गंज सोडवायच्या तेलात भिजवून ठेवले होते. सोडवायचा क्रम आवळायच्या क्रमाच्या बरोबर उलटा, टोकांकडून मधे. आणि एक नट पूर्ण काढून मग दुसरा असं नाही, सगळ्यांना थोडं थोडं सैल करत जायचं. इंजिन गार असतानाच. एका बाजूचे नट आधी मोकळे केले तर उरलेल्या नटांच्या ताणाखाली हेड वाकतं, आणि ओतीव लोखंडाचं हेड वाकलं की परत सरळ होत नाही. पोरांना हे वाचून माहीत असतं, पण हातात पाना आला की पहिला सापडेल तो नट धरतात.

काही स्टड नटासकट बाहेर आले. त्यांची हळहळ नाही, तेही तपासायचेच होते. तीन नंबर सिलिंडरजवळचा एक स्टड मात्र बघण्यासारखा निघाला. हेडच्या भोकात ओल साचत असणार, त्या जागी गंजून तो मधोमध बारीक झालाय. वरचे आटे शाबूत, खालचे आटे शाबूत, कंबर गेलेली. गॅसकेट उचललं तर तीन नंबरच्या कड्यापासून शेजारच्या पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ, बरोबर त्याच स्टडच्या पायाशी. बुडबुड्यांचं मूळ सापडलं.

जुनं गॅसकेट अॅस्बेस्टॉसचं असू शकतं, म्हणून कोरडं खरवडलं नाही. पाणी मारून ओलं केलं, प्लास्टिकच्या खरवडणीने काढलं, पिशवीत बांधून ठेवलं. चाचा सवयीने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावायला निघाले होते, त्यांना थांबवलं. त्या धुळीचा छातीला धोका आहेच, शिवाय तारेचा ब्रश गॅसकेटच्या बसकणीवर बारीक खळगे पाडतो.

१५ नोव्हेंबर

आजचा दिवस मोजमापाचा. सरळ पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालच्या फटीत फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्या, घातला. या इंजिनाला लांबीत ०.१५ मिलिमीटरपर्यंत आणि रुंदीत ०.०८ मिलिमीटरपर्यंत वाक चालतो. आपल्या हेडच्या लांबीत ०.०८ ची पाती कशीबशी जाते, ०.१० ची जात नाही. रुंदीत ०.०५ सुद्धा जात नाही.

चाचांचं म्हणणं, "उघडलंच आहे तर फेस मारून घ्या, सर." म्हणजे मशीनवर घासून सपाट करून घ्या. मी नको म्हणालो. माप मर्यादेत असताना हेडला फेस मारणं म्हणजे पैसे मोजून लोखंड कमी करणं. तड्यांसाठी लाल रंगाचा स्प्रे आणि त्यावर पांढरी पावडर मारून बघितली. व्हॉल्व्हच्या सीटांमधली पट्टी हेडची सगळ्यात नाजूक जागा, तिथेही लाल रेघ उमटली नाही. हेड ठीक.

ब्लॉकची भोकं साफ करायला नवा टॅप वापरला नाही. टॅप गंजाबरोबर आटेही थोडे कापतो आणि स्टड ढिला बसतो. जुन्याच एका चांगल्या स्टडला हॅक्सॉने उभ्या खाचा पाडल्या आणि तो रॉकेल लावून आतबाहेर फिरवला. खाचांत काळा गाळ भरून येतो, आटे जसेच्या तसे राहतात. मग हवा मारली, चिंधी फिरवली, परत हवा मारली.

हे शेवटचं काम लोक उरकून टाकतात, म्हणून मी त्यावर अडून बसतो. भोक बंद तळाचं असेल आणि तळाशी चमचाभर तेल किंवा पाणी राहिलं असेल, तर स्टड खाली जाताना त्या द्रवाला पळायला वाट नसते. द्रव दबत नाही. दाब ब्लॉकवर येतो आणि ओतीव लोखंड तडकतं. वर टॉर्क पाना (टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर; तो ठरवलेल्या आकड्याला पोचला की खटका वाजवणारा पाना) मात्र बरोबर आकडा दाखवून मोकळा होतो.

१७ नोव्हेंबर

एक स्टड गेला तर एकच बदलायचा की सगळे? सगळे. नव्याजुन्या स्टडांचा ताण सारखा राहत नाही, आणि एकाची कंबर गेली असेल तर बाकीच्यांनीही तीच हवा खाल्लेली आहे.

गावातल्या लेथवर संध्याकाळपर्यंत स्टड वळून मिळत होते. नको म्हटलं. साध्या लोखंडी सळईचा स्टड हेडला चालत नाही. तो ताणला की लांबच होतो, मागे येत नाही. एन-२४ सारखं मिश्र पोलाद, त्यावर योग्य उष्णता प्रक्रिया, आणि आटे कापलेले नव्हे तर रोल केलेले हवेत. रोल केलेल्या आट्याच्या मुळाशी धातू दाबला गेलेला असतो, त्यामुळे तिथून तडा सहसा सुरू होत नाही. वाहनउद्योगामुळे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत असली कामं करणारी लहान युनिटं आहेत. नमुना ट्रॅव्हल्सने पाठवून दिला.

आटे इंची आहेत हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. जवळपासच्या मापाचा मेट्रिक नट इंची स्टडवर दोनतीन आटे छान फिरतो आणि मग जड होतो. त्याला जोर लावणारा माणूस समजतो की नट घट्ट बसतोय.

दाजी येऊन बघून गेले. "आवळून टाका की एकदाचं. तिकडं जाळी वाळायलीत माझी." ऊसतोडीला निम्मं गाव गेलंय, बोटीवर माणूस मिळत नाही, त्यात इंजिन उघडं पडलेलं. त्यांचा त्रागा बरोबर आहे.

२० नोव्हेंबर

स्टड आले, मुंबईहून गॅसकेटही आलं. आवळायच्या आधी टॉर्क पाना तपासला. पाना ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमधून मागून आणलाय, आणि मागून आणलेल्या पान्याने आधी काय काय सोसलंय ते कुणी सांगत नाही.

या इंजिनाच्या हेडच्या नटांना ६० पाउंड-फूट टॉर्क. आपल्या हिशेबात ८.३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटर. मोंढ्यातल्या ओळखीच्या आडतीवरून वीस किलोचं वजन आणलं, वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेलं. पान्याचा चौकोनी खुंटा व्हाइसमध्ये पकडला, दांडा आडवा ठेवला, आणि वजन दोरीने टांगून हळूहळू बाहेर सरकवत गेलो. वीस किलो ४१.५ सेंटिमीटरवर टांगलं की बरोबर ८.३ होतात. पण पान्याचं स्वतःचं वजनही त्यात येतं. हा पाना १.४ किलोचा, त्याचा तोल खुंट्यापासून वीस सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी ०.२८. खरं तर वजन ४० सेंटिमीटरवर असतानाच खटका वाजायला हवा होता. वाजला ४१.५ वर. म्हणजे पाना साडेतीन टक्के जास्त आवळतो. असल्या पान्याला चार टक्क्यांपर्यंत फरक माफ असतो, तेव्हा हा चालेल. काम झालं की त्याची स्प्रिंग सैल करून, सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून परत द्यायचा. वर्कशॉपमध्ये तो शंभरावर सेट करून खिळ्याला टांगलेला होता, म्हणून मला काळजी होती.

चाचा हे सगळं विडी विझवून बघत बसले होते. मग म्हणाले, "सर, हाताला कळतंय की. तुमच्या वयाइतकी वर्षं झाली पाना धरायलो." खोटं नाही ते. एक सिलिंडरच्या, सावकाश फिरणाऱ्या पंपाच्या इंजिनावर त्यांच्या हाताने बसवलेलं हेड मी कधी गळताना पाहिलेलं नाही. पण तिथे मोजके जाड स्टड असतात आणि हाताला अंदाज बसलेला असतो. इथे दाबाचं प्रमाण २२ ला १, चार सिलिंडरांवर एकच लांब हेड आणि नटांची रांग. सगळे नट सारखे आवळले गेले पाहिजेत, आणि सारखेपणा हाताला कळत नाही. सकाळचा हात आणि दुपारचा हातच सारखा नसतो.

मात्र चाचांना जे सांगितलं ते पान्याच्या बाजूचंही नव्हतं. टॉर्क पाना स्टडचा ताण मोजत नाही, तो नट फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. त्या जोरातला अर्धा भाग नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. स्टड ताणायला उरतात दहा टक्के. म्हणजे वॉशर खरबरीत असला, आट्यात गंज असला, तर नव्वदाचे पंच्याण्णव होतात आणि दहाचे पाच. पान्याचा खटका तसाच वाजतो, हेडवरचा दाब मात्र निम्मा.

उलटंही होतं. टॉर्कवरून ताण काढायच्या हिशेबातला ढोबळ गुणांक कोरड्या आट्यांना ०.२० धरतात, तेल लावलेल्यांना ०.१५. तेवढ्याच टॉर्कला तेलावर ताण एक तृतीयांश जास्त येतो. तेल लावायचं की नाही हा आवडीचा प्रश्न नाही. आकडा ज्या स्थितीसाठी दिलाय तीच स्थिती ठेवायची. इथे हलकं इंजिन ऑइल, आट्यांना आणि नटाच्या बुडाला. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस तर आणखी निसरडं. ते लावून पुस्तकातला आकडा गाठणारा माणूस स्टड आणि ब्लॉकचे आटे दोन्ही तोडायच्या बेताला आणतो.

चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "हौ, मग पान्याआधी चिंधी महत्त्वाची." पोरांच्या वहीत मी हेच वाक्य लिहायला लावलं.

२३ नोव्हेंबर

हेड बसवलं.

नवे स्टड ब्लॉकमध्ये बोटांनी घातले, तळ लागेपर्यंत, मग जरासे टेकवले. स्टड ब्लॉकमध्ये जोराने आवळायचा नसतो, ताण वरचा नट देतो. गॅसकेटवर टॉप फ्रंट अशी खूण असते, ती वर आणि पुढे. हे गॅसकेट कोरडंच बसवायचं, त्याला शेलॅक, सीलंट काही नाही. जुन्या तांब्याच्या गॅसकेटांना लेप लावायची पद्धत होती, तीच सवय नव्या मालाला लावणारे बरेच भेटतात. नटांखाली कडक केलेले सपाट वॉशर. साधा मऊ वॉशर नटाबरोबर फिरतो आणि रुततो.

आवळायचा क्रम हेडवर खडूने लिहून काढला. मधून सुरुवात, मग आळीपाळीने दोन्ही टोकांकडे. चाचांनी पोरांना त्यांच्या भाषेत समजावलं: "बाज आवळताना एकाच कोपऱ्याची दोरी ओढतेत का रं? तिरकी होती की." तीन फेऱ्या केल्या, २०, ४० आणि ६० पाउंड-फूट. प्रत्येक फेरीत सगळे नट त्याच क्रमाने.

शेवटच्या फेरीत पाना मुठीच्या मधोमध धरून, एका दमात, सावकाश ओढायचा. अध्येमध्ये थांबलं की नट चिकटतो, आणि थांबलेल्या नटाला पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो. मग खटका वाजतो पण नट हललेलाच नसतो. दोन नट कुरकुरत, झटक्याझटक्याने फिरले. ते मोकळे केले, बूड पुसलं, तेलाचं बोट फिरवलं, पुन्हा घेतले. मग लोण्यासारखे गेले. एका पोराने जोर कमी लागावा म्हणून पान्याला पाइप लावला. काढायला सांगितला. खटक्याचा पाना त्याच्या मुठीवरच धरला तर खरं बोलतो.

संध्याकाळी लाइट गेली, तोवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट लावायचं काम, उरले होते. मोबाइलच्या उजेडात ते केले नाहीत. पाती नीट दिसायला हवी.

२४ नोव्हेंबर

गार इंजिनावर टॅपेट ०.३० मिलिमीटरवर लावले. पाणी भरलं, हवा काढली, इंजिन चालू. झाकण काढून टँकमध्ये बघत बसलो. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे आले, मग पाणी शांत फिरत राहिलं.

इंजिन पूर्ण तापवून बंद केलं आणि गरम असतानाच पुन्हा टॉर्क घेतला. हा टप्पा गाळणाऱ्यांचीच हेडं परत गळायला येतात, म्हणून कारण सविस्तर लिहून ठेवतो.

स्टड ही ताणलेली स्प्रिंग आहे, आणि फार आखूड हालचालीची. शंभर मिलिमीटर लांबीच्या पोलादी स्टडवर ४०० मेगापास्कल ताण आला तर तो लांब होतो फक्त ०.२ मिलिमीटर. हेडवरचा सगळा दाब त्या ०.२ वर उभा असतो. नवं गॅसकेट पहिल्या तापण्यात दबतं. ते ०.०५ मिलिमीटर जरी बसलं, तरी स्टडच्या ताणातला पाव हिस्सा गेला. नट हललेला नसतो, सुटलेला नसतो, बघून काहीच कळत नाही.

पद्धत या इंजिनाच्या पुस्तकातली. त्याच क्रमाने प्रत्येक नटावर पाना लावायचा. नट हलला तर आकड्यापर्यंत न्यायचा. हललाच नाही तर तो नुसता चिकटलेला असू शकतो. म्हणून ३० ते ६० अंश सैल करून परत आवळायचा. एका वेळी एकच नट. सगळे झाले की क्रमातले पहिले दहा पुन्हा बघायचे, पण या वेळी सैल न करता, कारण नंतरचे आवळताना मधले पहिले नट पुन्हा ढिले पडतात. मधले बरेच नट जरा जरा पुढे गेले, टोकाचे जवळपास जागच्या जागीच होते.

गरम की गार, हे मात्र त्या त्या इंजिनाच्या पुस्तकात बघावं. हेड अॅल्युमिनियमचं असेल तर गरम असताना हातही लावू नये. ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं, आणि गरम असताना घेतलेला ताण गार झाल्यावर उरत नाही.

टॅपेट पुन्हा तपासले. हेड खाली बसलं की रॉकरही त्याच्याबरोबर खाली येतो, पुशरॉड मात्र जागेवरच, त्यामुळे फट कमी होते. दोन एक्झॉस्टच्या फटी कमी भरल्या. ते तसंच राहिलं असतं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नसता आणि जळला असता.

प्रत्येक नटापासून वॉशरवर आणि हेडवर पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली.

८ डिसेंबर

बोट पाण्यात आहे. दाजींच्या वहीप्रमाणे इंजिन पंचवीस तासांच्या वर चाललं. पाणी कमी झालेलं नाही, ऑइल स्वच्छ. पिवळ्या रेघा सगळ्या जुळलेल्या, पण रेघ जुळली म्हणजे ताण टिकला असं होत नाही, म्हणून पाना लावलाच. तीन नंबरजवळचे दोन नट किंचित पुढे गेले, बाकीचे नाही. रेघा पुसून नव्या मारल्या. टॅपेट जागेवर.

आता लक्ष बाहेरच्या पाण्याच्या पंपाकडे. खारं पाणी गेलं तरी धरणाचा गाळ आहे. पंपातल्या रबरी इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) दोन पात्यांना कडेला चिरा दिसताहेत. एक पातं तुटून हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाचं पाणी बाहेरच्या पाण्याने गार करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलं की इंजिन तापेल आणि नवं गॅसकेट परत जाईल. नवा इम्पेलर मागवलाय, तोवर दाजींना काठाजवळच फिरायला सांगितलंय. ऐकतील की नाही, माहीत नाही. आज सकाळी बोट पार पलीकडच्या काठाला दिसली.